राबूनही कुणाला किंमत नाही? मनातली खंत आणि ख्रिस्ताचं बलिदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळवा, ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात मराठीतून उपासना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारी उपासना संपली की दाराशी हेच बोलणं निघतं. विचारणारे बहुतेक जण आधी तब्येतीचं, पाण्याचं, मुलांच्या परीक्षांचं बोलतात. खरा प्रश्न शेवटी, निघता निघता येतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मी घरासाठी मर मर मरते आणि कुणाला त्याचं काही नाही. असं वाटणं पाप आहे का?

नाही. पहाटे पाचला उठायचं, पाणी जायच्या आत भरून ठेवायचं, तीन डबे तीन तऱ्हेचे करायचे: एकाला तेल कमी, एकाला कांदा नको, धाकट्याला फक्त बटाटा. संध्याकाळी डबा परत येतो, कडेला भाजी वाळून चिकटलेली. तो भिजत घालावा लागतो. वर्षभरात भाजीबद्दल शब्द निघतो तो मीठ कमी पडलं त्या दिवशीच. हे मनाला लागणारच, लागायलाच हवं.

येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यातला एकच परत आला, तोही परका, शोमरोनी. तेव्हा प्रभूने विचारलं की दहाही जण शुद्ध झाले ना, मग ते नऊ कुठे आहेत? (लूक १७:११-१९). म्हणजे आभार न मानल्याची नोंद प्रभूनेही घेतली. यशयाच्या ४९व्या अध्यायात देवाचा सेवकच म्हणतो की माझे श्रम वाया गेले. पवित्र शास्त्र ही खंत लपवत नाही, मग तुम्ही का लपवावी?

बिघडतं ते पुढे. खंत मनात वहीसारखी उघडी राहते आणि रोज तिच्यात एक ओळ वाढते. मग दिवाळीला नणंदेला दिलेली साडीही त्या वहीत जाते आणि नवऱ्याने न विचारलेला चहाही. ती वही मिटायची कशी, हा या पानाचा विषय आहे.

माझ्या खंतीत खरं किती आणि मनाचं किती, हे कसं ओळखायचं?

सात दिवस एक साधी वही ठेवा. पानावर तीन उभे रकाने पाडा. पहिल्यात लिहा, मी काय केलं. दुसऱ्यात, कुणाकडून काय हवं होतं. तिसऱ्यात, ते मी तोंडाने सांगितलं होतं का. रोज तीन-चार नोंदी पुरेत. रात्री झोपण्याआधी लिहू नका, दिवसभराची चीड सगळ्या ओळींना लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की लिहा.

आठव्या दिवशी वाचा. बहुतेकांचा तिसरा रकाना जवळजवळ कोरा निघतो. "सांगावं का लागतं? कळायला नको?" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. पण न सांगितलेलं बऱ्याचदा खरंच कळत नाही. अशा ओळींवर उपाय सोपा आहे: सांगा. भांडणाच्या वेळी नको, रविवारी सकाळी चहा घेताना. "अहो, आईंचं औषधपाणी मी एकटी बघते. तुम्ही एकदा तरी विचारलंत तर मला बरं वाटेल." एवढंच. "तुम्ही कधीच" आणि "तुमच्या घरचे सगळे" हे शब्द आले की समोरचा ऐकायचं थांबवतो आणि स्वतःची बाजू मांडू लागतो.

काही ओळी सांगूनही तशाच राहतील. तो खरा अन्याय आहे, त्याला अन्यायच म्हणा.

आणि काही ओळी अशा निघतील की समोरच्याने शंभरदा कौतुक केलं तरी पोट भरणार नाही. लहानपणी भावाला शाबासकी आणि आपल्याला कामं, अशी जुनी भूक असते ती. सासूबाईंनी, साहेबांनी, मुलांनी मिळूनही ती भागत नाही. वधस्तंभाकडे, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसाकडे, मुख्यतः या तिसऱ्या प्रकारच्या ओळी घेऊन जायचं आहे.

बायबलमध्ये माझ्यासारखं कुणी आहे का?

लेआ आहे. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात तिची गोष्ट येते. नवऱ्याचं मन धाकट्या बहिणीवर, ही नकोशी. पहिला मुलगा झाला तेव्हा ती म्हणाली, आता तरी माझा नवरा माझ्यावर प्रेम करेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या वेळीही तीच आशा. रऊबेन, शिमोन, लेवी ही तिन्ही नावं तिच्या या आशेतून आली. चौथ्याच्या वेळी वाक्य बदललं: आता मी परमेश्वराचं स्तवन करीन. त्याचं नाव यहूदा. नवरा बदलल्याचं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. येशू जन्मला तो याच यहूदाच्या वंशात.

हागार दासी होती, रानात एकटी पळून आलेली. तिने देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव (उत्पत्ती १६). योसेफाने तुरुंगात ज्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, तो प्यालेबरदार सुटल्यावर त्याला पूर्ण दोन वर्षं विसरला. हे तिघंही सावकाश वाचा, घाईने नको.

पण यात ख्रिस्ताचं बलिदान कुठून आलं? मला कौतुक हवंय आणि तुम्ही पापाचं सांगता.

प्रश्न रास्त आहे. उत्तर चुकीच्या क्रमाने दिलं तर माणूस दुखावतो, म्हणून क्रमाने सांगतो.

कुणी तुमची कदर केली नाही, हे तुमचं पाप नव्हे. तुम्हाला शिक्षा म्हणून हे घडतंय असंही नाही. कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका.

आता मुद्दा. कदर म्हणजे काय, तर आपल्या जिवाला कुणीतरी ठरवलेलं मोल. आपण ते मोल कामातून मिळवायला बघतो: इतकं केलं तर इतकं मिळायला हवं. मिळालं नाही की आणखी करतो. शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताची आनंदाची बातमी, याच्या उलट्या टोकाने सुरू होतं. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आठवं वचन सांगतं की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. "असतानाच" या शब्दावर थांबा. तुम्ही डबे केल्यावर नाही, सुधारल्यावर नाही, प्रार्थना सुरू केल्यावरही नाही. तुमच्या जिवाचं मोल त्याने आधीच ठरवलं आणि ते स्वतःच्या रक्ताने दिलं.

आणि पापाचं बोलायचं ते एवढ्यासाठी की आपल्या वहीला दुसरी बाजू आहे. आपलं कुणी काय देणं लागतं हे आपण लिहितो, आपण कुणाचं काय देणं लागतो ते लिहीत नाही. आईने आपल्यासाठी केलेले डबे कुणी मोजले? देवाचे आभार आपण किती वेळा मानले? त्या नऊ जणांच्या घोळक्यात आपणही चालत असतो. ख्रिस्ताने वधस्तंभावर घेतली ती ही आपल्या अंगावरची बाजू. योहान १९:३० मधले त्याचे शेवटचे शब्द आहेत, "पूर्ण झाले आहे." त्यात आपण भर घालायची नसते, घालता येतही नाही.

ज्याची कुणी किंमत केली नाही तो तिथे टांगलेला होता, हेही विसरू नका. यशयाच्या ५३व्या अध्यायात आधीच लिहिलं होतं: तुच्छ मानलेला, माणसांनी टाकलेला. सगळे शिष्य पळाले, आणि ज्यांच्यासाठी तो मरत होता ते खाली उभं राहून टिंगल करत होते. "प्रभू, तुला नाही कळायचं" असं त्याला म्हणता येत नाही.

स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एखाद्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं दार लावून बसा. घर एका खोलीचं असेल तर गच्ची, तलावपाळीचा कट्टा, रिकामं चर्च, काहीही चालेल.

आधी मार्काच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय मोठ्याने वाचा, पाच-सात मिनिटं लागतात. मग वहीतली सगळ्यात जास्त टोचणारी एक ओळ देवासमोर जशी आहे तशी बोला, सजवून नको. त्यानंतर आपल्या बाजूचं एक देणं बोला, नाव घेऊन: अमुक माणसाचे मी कधी आभार मानले नाहीत, अमुकाला मी गृहीत धरलं. मग मागा. शब्द तुमचेच असावेत. सुचत नसतील तर असे म्हणा:

"प्रभू येशू, मी थकले आहे. माझं मोल लोकांच्या तोंडून ऐकायला मी आयुष्य घालवलं. माझ्या पापांसाठी तू प्राण दिलास हे मी मानते. ते मी कमावलेलं नाही, तू दिलेलं आहे, म्हणून घेते. मला क्षमा कर. माझी ही वही तुझ्याकडे ठेव. आजपासून मी तुझी आहे. आमेन."

शेवटी दोन मिनिटं गप्प बसा. हे बहुतेक जण वगळतात.

अंगावर शहारे आले नाहीत, रडू आलं नाही, म्हणून झालंच नाही असं समजू नका. स्वीकारणं हे भरवसा ठेवणं आहे (योहान १:१२), त्या दिवशीची भावना नव्हे. आणि दर आठवड्याला "या वेळी तरी नीट झालं ना" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. बलिदान एकदाच आणि कायमचं झालं, असं इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय म्हणतो. रोज करायची ती आठवण आणि आभार.

पुढचे सोळा दिवस मार्क वाचा, रोज एक अध्याय. सोळाच अध्याय आहेत. ठाणे-वाशी लोकलमध्ये एक अध्याय आरामात वाचून होतो.

ख्रिस्ताला स्वीकारलं तर घरचे माझी कदर करू लागतील का?

तसं वचन कुठेही नाही. ही अपेक्षा धरून आलेली माणसं तीन-चार महिन्यांत गळतात, कारण त्यांनी नकळत जुनाच सौदा नव्या नावाने केलेला असतो: मी देवाला इतकं दिलं, आता त्याने नवऱ्याला बदलावं. बदल होतो तो आधी तुमच्यात. कौतुक आलं तर गोड लागतं, नाही आलं तर त्या दिवशीचं जेवण कडू होत नाही. हे हळूहळू होतं आणि मधूनच मागेही जातं.

ख्रिस्ताने मुकाट्याने सोसलं, मग मीही मार, शिव्या सोसत राहावं का?

नाही. या प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊन अनेक बायकांचं नुकसान झालं आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२३). आणि आपला प्राण आपल्यापासून कुणी हिरावत नाही, मी तो आपण होऊन देतो, असंही तो म्हणाला (योहान १०:१८). जे जबरदस्तीने ओरबाडलं जातं त्याला बलिदान म्हणत नाहीत. शिवाय जगाच्या पापासाठीचं बलिदान झालेलं आहे. नवऱ्याच्या दारूसाठी तुमचा जीव द्यायची गरज देवाला नाही.

मारहाण होत असेल तर ११२ लावा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं, घराबाहेर काढणं हेही हिंसेतच येतं. क्षमा करणं आणि सुरक्षित जागी जाणं, दोन्ही एका वेळी करता येतं. पाळकांनी किंवा फादरांनी "जरा समजून घे" म्हणून परत पाठवलं, तर दुसऱ्या जाणत्या माणसाकडे जा.

ऑफिसात काम मी करतो आणि नाव दुसऱ्याचं होतं. "प्रभूसाठी करतो" म्हणून गप्प बसायचं का?

जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन (३:२३) कॅलेंडरवर छापलेलं दिसतं, पण ते मुळात कुणाला लिहिलं होतं ते छापत नाहीत. ते गुलामांना लिहिलं होतं, ज्यांना वारसाहक्काने काहीच मिळायचं नाही. त्यांना पत्र लिहिणारा पौल सांगतो की तुम्हाला वतन मिळेल, प्रभूकडून. आणि लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात मालकांना बजावतो की न्यायाने आणि समतेने वागा. म्हणजे वचन दोन्हीकडे धार असलेलं आहे.

तेव्हा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये असा किंवा महापेच्या कारखान्यात, शुक्रवारी पाच ओळींचा मेल साहेबांना पाठवा: या आठवड्यात मी काय पूर्ण केलं, कशात अडकलं, पुढे काय. तक्रारीचा सूर नको. वार्षिक आढाव्याच्या वेळी हेच कागद बोलतात. ही आत्मस्तुती नव्हे, खरं काय ते वेळेवर सांगणं आहे. एवढं करूनही नाव दुसऱ्याचंच झालं तर दुसरी नोकरी शोधणं हा अविश्वास नाही.

आणि चर्चमध्येच कुणी विचारत नसेल तर?

हे दुखणं सगळ्यात खोल जातं, कारण तिथे तरी वेगळं असेल असं वाटलेलं असतं. दहा वर्षं संडे स्कूल घेतलं, नाताळला खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या, व्यासपीठावरून नावं वाचली तेव्हा आपलंच राहिलं.

यात दोन बाजू आहेत. एक तुमची. स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या उत्साहात लोक गायनवृंद, महिला मंडळ, घरभेटी, सगळं अंगावर घेतात आणि वर्षभरात करपतात. पुष्कळदा जुनीच भूक नव्या जागी जेवायला बसलेली असते. पहिलं वर्षभर एकच जबाबदारी घ्या आणि महिन्यातला एक रविवार फक्त बाकावर बसा. देव तुमचं काम विसरायला अन्यायी नाही, हे वचन (इब्री ६:१०) अशाच माणसांसाठी आहे.

दुसरी बाजू मंडळीच्या पुढाऱ्यांची. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नावांची यादी म्हणून आपण ओलांडून जातो. तो एकदा आभाराचा धडा म्हणून वाचा. फिबीबद्दल पौल लिहितो, ती पुष्कळांना आणि मलाही साहाय्य करणारी झाली. प्रिस्का आणि अक्विल्ला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. मरियेने तुमच्यासाठी फार श्रम केले. सरसकट "सर्वांचे आभार" असं नाही: नाव, काम, आणि त्याने कुणाचं काय भलं झालं. पत्र लिहून घेणारा तर्तियससुद्धा बाविसाव्या वचनात स्वतःच्या नावाने सलाम सांगतो, आणि पौलाने तो राहू दिला.

काम कुणाच्या नजरेत न भरणं नवं नाही. ठाण्यापुरतं सांगायचं तर १३२१ साली याच गावात थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांचे तीन सोबती, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघातले धर्मबंधू, मारले गेले. त्यांच्या हातून इथे फारसं काही घडलं असं तेव्हा कुणालाही वाटलं नसेल. त्यांचे देह जॉर्डनस नावाच्या दुसऱ्या धर्मबंधूने सोपाऱ्याला नेऊन पुरले.

मला कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत असं वाटतं. इतक्या वर्षांनी कसं बोलायचं?

पौलाच्याच पद्धतीने. "थँक्यू हं सगळ्यासाठी" हे हवेत जातं. "आत्या, दहावीला माझी फी तुम्ही भरली होती. मी कधी बोललो नाही. त्यामुळे माझं शिक्षण सुटलं नाही." तीन वाक्यं. समोरून "अरे त्यात काय" असं येईल, तिथे थांबा, रेटू नका. बदल्यात आपलंही कौतुक होईल म्हणून हे करायचं नाही. माणूस हयात नसेल तर त्याच्या मुलांना सांगा. आठवड्याला एक, यापेक्षा घाई करू नका, नाहीतर त्याचीही हजेरी होते.

बाप्तिस्मा लगेच घ्यावा लागतो का? नाव बदलावं लागतं का?

लगेच नाही, आणि घाई करणाऱ्यापासून जरा सावध राहा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांसाठी तयारीचा काळ असतो, पुष्कळदा वर्षभराच्या आसपास, आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत होतो. इतर मंडळ्यांमध्ये पाळकांसोबत काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा अभ्यास असतो. यासाठी पैसे लागत नाहीत, कुणी पैसे देऊही नयेत.

नाव बदलावं लागत नाही. बदलायचंच असेल तर राजपत्राची प्रक्रिया वेगळी. एक गोष्ट मात्र आधी जाणून घ्या: १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, अनुसूचित जमातीला ही अट नाही. हे कुणी लपवू नये. वकिलाला विचारा, घरच्यांशी बोला, मग ठरवा.

घरच्यांवर घाई लादू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसार मोडल्यासारखा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने निर्णय घेतला. त्या पाच वर्षांचं दुःख दोघांनीही भोगलं.

प्रार्थना करूनही मन उठतच नाही, झोप नाही, जगावंसं वाटत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्याला डॉक्टर लागतो. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर हे वाचणं थांबवा, फोन करा आणि एका माणसाला जवळ बसवून ठेवा. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना कुणी असं म्हणत नाही.

पहिल्यांदा चर्चमध्ये जायचंय. कुठे आणि कसं?

ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं, कॅथलिक. सेंट जेम्स हे जुनं प्रोटेस्टंट चर्च, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी अर्पण केलेलं. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक मोठ्या नोडमध्ये एखादं चर्च सापडेल. मराठी उपासना किती वाजता आहे ते आधी फोनवर विचारून घ्या, इंग्रजी, मल्याळम, तमिळ यांच्या वेळा वेगळ्या असतात.

दहा मिनिटं आधी पोहोचा. सगळे उठतात तेव्हा उठा, बसतात तेव्हा बसा. दानाची थैली फिरते, त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा आपण जागेवरच बसावं. कॅथलिक चर्चमध्ये छातीवर हातांची घडी करून पुढे गेलात तर बहुधा फादर आशीर्वाद देतात. कुणाशी बोलायचं नसेल तर मागचा बाक धरा. बोलायचं असेल तर उपासना संपल्यावर दाराशी थांबा, पाळक तिथेच उभे असतात.